सही जुळत नाही

कुलूपकाकांनी आयुष्यात एकच सही कधी दोनदा केली नाही.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. सही म्हणजे कागदाची किल्ली. दरवेळी तीच किल्ली कागदावर उमटवून ती कुणाच्याही हातात देणारा माणूस म्हणजे घराची किल्ली पायपुसण्यावर ठेवून वर तिच्याकडे बाण काढणारा माणूस! म्हणून काका कधी पहिलं अक्षर भोपळ्याएवढं काढत, कधी शेवटची रेघ मागे वळवून पहिल्या अक्षराच्या कमरेला बांधत, कधी खाली दोन टिंबं देत, तर कधी टिंबांना सुट्टी देत. सही झाली की मान तिरकी करून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "करा म्हणावं आता नक्कल!" मग पेनाला टोपण लावत आणि ते नीट बसलंय की नाही हे दोनदा ओढून बघत.

धंदाच तसा. चष्म्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधल्या फटीत काकांचं दुकान होतं. फटच म्हणायची, कारण आत दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं श्वास घेताना दुसऱ्यानं सोडायचा, अशी आपोआप वाटणी व्हायची. तिन्ही भिंतींवर खिळ्याखिळ्याला किल्ल्या, टेबलावर कानशीचा चमचमता चुरा आणि मध्ये स्टुलावर काका, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन. नंबरचं कुलूप विकत घेणाऱ्याला ते कुलपाबरोबर उपदेशही फुकट देत. "नंबर बायकोला सांगू नका, भावाला सांगू नका. दोघांना ठाऊक असलेला नंबर हा नंबर नसतो, बातमी असते. आणि अधूनमधून बदलत चला."

"मीच विसरलो तर, काका?"

"मग चोराचं काय होईल, विचार करा!" काका विजयी मुद्रेनं म्हणत. गिऱ्हाईक विचार करत करत निघून जाई.

अशा माणसाच्या हातून रोजचे पैसे बाहेर पडायचे म्हणजे तुरुंगातून कैदी सुटण्यासारखं होतं. नोटा बनियनला आतून शिवलेल्या खिशात, त्या खिशाला साखळी आणि साखळीला बोटाच्या पेराएवढं कुलूप. भाजीवाली टोमॅटो तोलायच्या आधीच हाक मारायची, "काका, तुम्ही उघडायला सुरुवात करा, मी तोवर बाकीची गिऱ्हाइकं उरकते."

हे जावयाला बघवेना. जावई म्हणजे दर भेटीला एक नवीन सोय घेऊन येणारा गडी. या खेपेला तो क्रेडिट कार्ड घेऊन आला.

"बाबा, बनियनचा जमाना गेला. हे घ्या."

काकांनी कार्ड उलटंसुलटं केलं, कडेवरून नख फिरवून बघितलं. दात नाहीत, खाच नाही. "यात पैसे किती आहेत?"

"यात पैसे नसतात, बाबा."

"मग द्यायचं काय?"

"बँक देते. तुम्ही मागाहून बँकेला द्यायचे."

"म्हणजे उधारी."

"उधारी नाही हो, क्रेडिट!"

"माझ्या दुकानाच्या दारावर पाटी आहे, उधारी बंद," काका म्हणाले. "आत बसून मीच ती करू?"

पण जावयाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी कार्ड घेतलं. त्याला चार आकड्यांचा गुप्त नंबर लागतो हे कळल्यावर तर त्यांना त्या पत्र्यासारख्या वस्तूबद्दल जरा आपुलकीच वाटू लागली. लांबच्या नात्यातलं का होईना, पण कुलूपच की! त्यांनी नंबर ठरवला, कुणाला सांगितला नाही आणि स्वतःच्याच उपदेशाप्रमाणे अधूनमधून मशीनवर जाऊन तो बदलायला सुरुवात केली. कार्डानं खरेदी अजून एकदाही केली नव्हती, पण नंबर मात्र चारदा बदलून झाला होता.

आता बाईंविषयी. बाई म्हणजे काकांची बायको. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. सगळे म्हणतात म्हणून काकाही म्हणत. बाईंचा आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलकी घेणारा मुलगा दचकून उठे आणि शेजारच्या वर्गातला आपोआप उभा राही. निवृत्त झाल्यावर तो सगळा आवाज काकांच्या एकट्याच्या वाट्याला आला. दूध उतू गेलं, दार उघडं राहिलं, किल्ली जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली, अशा नाना विषयांवर काकांचे तास होत.

आणि मग बाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले.

कवळी तयार व्हायला वेळ लागणार होता. दाताविना आपले शब्द कसे वाकडेतिकडे पडतात हे बाईंनी आरशासमोर एकदा ऐकून घेतलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. ज्या बाईनं पोरांच्या चार पिढ्यांचे उच्चार घासूनपुसून लखलखीत केले, तिनं बोबडं बोलायचं? छे! स्वयंपाकघरात त्यांनी एक जुनी पाटी टांगली आणि तिच्यावर खडूनं हुकूम निघू लागले. 'दळण आणा.' 'पंखा बंद करा.' एकदा नुसतंच 'पाहा!' आणि खाली दोन रेघा. काय पाहायचं ते काकांना संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

पहिले दोन दिवस काकांना सुट्टी लागल्यासारखं वाटलं. नंतर मात्र घर फार मोठं वाटायला लागलं. ते मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून बघत. पाटीवर 'टॉवेल' एवढाच शब्द उमटे. ओरडा नसलेल्या टॉवेलात काही राम नाही, हे त्यांना त्या वयात कळलं.

अशातच शाळेचं बोलावणं आलं. शाळेनं नवं वाचनालय बांधलं होतं आणि उद्घाटनाचं भाषण बाईंनीच करावं असा सगळ्यांचा आग्रह होता. बाईंनी भाषण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. रविवारी सकाळी समारंभ. शनिवारी दुपारी कवळी मिळणार. आणि शनिवारीच संध्याकाळच्या गाडीनं दाताचे डॉक्टर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर जाणार. मधे सुई शिरायलासुद्धा जागा नव्हती.

शनिवारी दुपारी दोघं दवाखान्यात पोचली. बाई तोंडाला रुमाल लावून आत गेल्या. दार लागायच्या आधी त्यांनी वळून काकांकडे असं काही पाहिलं की पाटी-खडूची गरजच पडली नाही. *गोंधळ घालू नका.*

काका काउंटरपाशी गेले. तिथं लोकरीचं जाकीट घातलेल्या, पेन केसात खोचलेल्या मॅडम बसल्या होत्या.

"डॉक्टर कवळी बसवून, घासूनपुसून देतील, तोवर पैसे भरून टाका, काका," मॅडम म्हणाल्या. "पैसे भरल्याशिवाय कवळी दाराबाहेर जात नाही. नाही भरले, तर डबीत ठेवू, डॉक्टर परत आल्यावर न्या."

"छे छे, आत्ताच देतो!" काकांनी घाईनं शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. बाकावर बसलेल्या, गाल सुजलेल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं. काकांनी बनियनमध्ये हात घातला, साखळी ओढली, बारकं कुलूप चष्म्याखाली धरून उघडलं आणि नोटांची घडी काउंटरवर ठेवली. नोटा अजून गरम होत्या.

मॅडमनी त्यांना हातही लावला नाही. पेनानं भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं. 'रोख रक्कम स्वीकारली जात नाही.'

"रोख नाही?" काकांना आपण चुकीचं वाचतोय असं वाटलं. "अहो, खऱ्या आहेत नोटा! पैसे दिले तर पैसे घेत नाही म्हणता?"

"मागं दवाखान्यात चोरी झाली ना. तेव्हापासून डॉक्टर रोख ठेवतच नाहीत."

काकांमधला कारागीर जागा झाला. "कुलूप कुणाचं होतं?"

"तुमचंच."

काकांचा चेहरा उतरला.

"चोरानं कुलपाला काही केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "कडीच उपटली दारातून."

"म्हणजे कुलूप शाबूत?"

"एकदम. अजून बंदच आहे. आम्हालाच उघडत नाही."

"बघा!" काका बाकावरच्या गृहस्थांना म्हणाले. गृहस्थांनी सुजल्या गालानं जमेल तेवढी दाद दिली. पण त्या आनंदात पैसे भरले जात नव्हते. काकांनी नोटा पुन्हा कोठडीत टाकल्या आणि दुसऱ्या खिशातून चेकबुक काढलं.

"चेक?" मॅडमनी फाइल उघडली आणि एक कागद त्यांच्यासमोर सरकवला. "तुम्ही मापाच्या वेळी दिलेला चेक परत आलाय, काका. 'सही जुळत नाही.' आज आता पूर्ण रक्कम भरायची आहे."

काकांना बँकेतला तो दिवस आठवला. साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवून विचारलं होतं, ही सही कुणाची? माझी. आणि ही? तीही माझीच. मग जुळत का नाही? काकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "साहेब, जुळली तर ती सुरक्षित कशी राहील?" साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि नमुन्यासाठी नवीन तीन सह्या करायला सांगितल्या. काकांनी केल्या. साहेबांनी पाणी मागवलं.

"तुमच्या सहीचा चेक मी घेऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "कार्ड आहे?"

कार्ड होतं! काकांनी ते मोठ्या ऐटीत काढलं. जावयाचा विजय असो! मॅडमनी मशीनमध्ये कार्ड खुपसलं, रक्कम टाकली आणि मशीन त्यांच्याकडे फिरवलं. "नंबर टाका."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. गाल सुजलेले गृहस्थ बघत होते. भिंतीवरच्या चित्रातली एक प्रचंड दाढ हसत होती, तीही बघतच होती. काकांनी खिशातला मोठा रुमाल काढला, मशीनवर पसरला आणि त्याच्याखाली हात घालून चार बटणं दाबली.

मशीन चिडून बोललं. नंबर चुकला.

आता प्रश्न असा होता की चुकलं काय? हा नंबर आधीच्या खेपेचा आणि आताचा दुसराच? की नंबर बरोबर होता, पण रुमालाखाली बोटानं भलतंच बटण दाबलं? काकांनी डोळे मिटून मागचे सगळे नंबर आठवायचा प्रयत्न केला. ते आले खरे, पण एकामागून एक नव्हे, सगळे एकदम आणि एकमेकांचे आकडे अंगावर घालून.

"रुमाल काढून टाका ना, काका," मॅडम म्हणाल्या.

"मग तुम्हाला दिसेल."

"मी तोंड फिरवते."

"हे?" काकांनी बाकाकडे बोट केलं. गृहस्थांनी निमूटपणे वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. काकांनी तरीही रुमाल ठेवलाच, फक्त एक कोपरा उचलून खाली डोकावले. आत अंधार होता. चार बटणं दाबली.

मशीन पुन्हा चिडलं.

"आता एकच संधी," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्यांदा चुकलं की कार्ड बंद पडतं."

काका मशीनसमोर उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कितीतरी लोकांची दारं उघडून दिली होती. पावसात भिजत बसलेल्या बायकांची, न्हाणीघरात अडकलेल्या म्हाताऱ्यांची, एका नवरदेवाच्या पेटीचीसुद्धा. आणि इथं स्वतःचेच पैसे तीन दारांमागे बसले होते. एक दार दवाखान्यानं बंद केलेलं, दोन त्यांनी स्वतः. चोराचं काय होईल याचा विचार त्यांनी जन्मभर केला होता. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण चोराच्या जागी उभे आहोत आणि समोर आपलंच कुलूप आहे!

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

बाई बाहेर आल्या. तोंडावर रुमाल नव्हता. गाल भरून आले होते, ओठ पुन्हा आपापल्या जागी बसले होते. त्यांच्यामागून डॉक्टर घड्याळाकडे बघत बाहेर डोकावले.

"काय चाललंय इथं?" बाई म्हणाल्या.

प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, धारदार. बाकावरचे गृहस्थ नकळत ताठ बसले.

काकांनी तोंड उघडलं. मॅडमनी त्यांच्याआधी सगळं सांगून टाकलं. रोख, चेक, कार्ड, रुमाल, काही शिल्लक ठेवलं नाही. बाई ऐकत गेल्या. आणि मग सुरू झालं.

"रुमालाखाली? अहो, तुम्ही काय कोंबडी झाकून ठेवताय? तरी मी लिहून ठेवलं होतं पाटीवर, 'पाहा!' कार्डाबरोबरचा कागद टेबलावर उघडा पडला होता, वाचा म्हणून! वाचलात? सही एक करा, एक करा म्हणून मी लग्नाच्या दिवसापासून सांगतेय. लग्नाच्या रजिस्टरमध्ये केलेली सही दुसऱ्या दिवशी ओळखली नाहीत तुम्ही! मला वाटलं, माझं लग्न भलत्याशीच झालं. आणि त्या टॉवेलाचं काय? रोज ओला टॉवेल गादीवर! मला काय दिसत नव्हतं?"

एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं. काका मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मोठं, खुळं समाधान पसरत होतं. घरातला रेडिओ दुरुस्त होऊन आल्यासारखं.

"हसताय काय? पैसे भरले का?"

समाधान विरलं. "नाही ना भरता येत, बाई. ते म्हणतात कवळी डबीत ठेवू."

बाईंचा हात चटकन तोंडाकडे गेला. उद्याचं भाषण पर्समध्ये घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनी पर्स छातीशी धरली. डॉक्टर अवघडून म्हणाले, "बाई, माझ्या हातात असतं तर... पण नियम सगळ्यांना सारखे. एकाला सोडलं, तर सगळेच..."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम." त्या काकांकडे वळल्या. "चेकबुक द्या इकडे."

"माझा चेक घेत नाहीत हो त्या!"

"तुमचा नाही, माझा. खातं दोघांचं आहे, दोघांपैकी कुणाचीही सही चालते. पेन्शन माझी तिथंच येते. तुम्हीच म्हणालात ना, बाई, तू सही करू नकोस, तुझी सही म्हणजे सताड उघडं दार! म्हणून मी गप्प बसले."

म्हणाले होते खरे. बाईंची सही निकालपत्रांवर वर्षानुवर्षं उमटत गेलेली, गोल, सरळ, तळाशी एक रेघ. कुणीही बघून गिरवावी अशी. काकांना ती बघून नेहमी धडकी भरायची.

बाईंनी चेक लिहिला आणि सही केली. मॅडमनी चेक हातात घेतला, काकांकडे संशयानं पाहिलं आणि फाइलमधून दात काढायच्या आधीचा संमतीचा कागद काढला. त्यावर बाईंची सही होती. त्यांनी चेक त्या कागदावर ठेवला, दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडात धरले. एका सहीवर दुसरी सही बसली, झाकणावर झाकण बसावं तशी. कुठंही केसाएवढी रेघ बाहेर आली नाही.

"बाप रे," मॅडम म्हणाल्या. "हे बँकेला फार आवडेल."

"अहो, पण ही कुणीही करू शकेल!" काका न राहवून म्हणाले.

"दुसऱ्यानं केली तर बँक बघून घेईल," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःला येते का, एवढंच ती आधी विचारते."

काकांना हे कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. पण सारखी असणं हा सहीचा गुण आणि सारखी असणं हाच तिचा धोका, या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा ठेवायच्या हे कळेना. ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तरी तोच गुंता सोडवत होते. पावती बाईंच्या पर्समध्ये होती, कवळी बाईंच्या तोंडात होती, आणि काकांजवळ न खपलेली रोकड, अर्धं रुसलेलं कार्ड आणि कुणालाच न चालणारी सही होती.

रस्त्यानं बाई बोलत होत्या. त्यांनी काकांच्या पैशाची घडीच बसवून टाकली. "भाजी, दूध, रिक्षा, सगळं रोख. आणि ते बनियनमधून नाही, खिशातून, माणसासारखं. मोठं काही असलं की चेक, तो मी लिहीन. कार्डाचं काय करायचं ते सोमवारी बँकेत जाऊन विचारू. तोवर त्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. "पण मधलं असलं तर?"

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे भाजीपेक्षा मोठं आणि मोठ्यापेक्षा लहान."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आलं. कवळी धुवायची पावडर, ब्रश आणि रात्री ती ठेवायचा डबा घ्यायचा होता. दुकानदारानं तिन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या आणि सरळ काकांनाच विचारलं, "रोख, चेक की कार्ड?"

काकांचा एक हात बनियनकडे गेला, तिथून परत आला. दुसरा कार्डाकडे गेला, तोही परत आला. पावडर भाजीपेक्षा मोठी. पण दातांपेक्षा लहान. ब्रश तर आणखीच लहान. पण तिन्ही मिळून? त्यांनी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं.

दुकानाच्या एका खांबाला आरसा लावलेला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. डोकं थोडं वाकडं करून त्यांनी आधी ओठ मिटून पाहिले, मग उघडून पाहिले. मग पर्समधून भाषण काढून, कुणी ऐकत नाही अशा समजुतीनं, पहिलं वाक्य म्हटलं. "आज या शाळेच्या प्रांगणात..." त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, या खेपेला जरा मोठ्यानं. एकही शब्द वाकडा पडला नाही. आरशातल्या बाई हसल्या, आणि हसल्याच, सगळे दात दाखवून.

"काका," दुकानदार म्हणाला, "कसं देताय?"

मागं रांग लागली होती. काकांनी त्याला हातानंच थांब म्हणून खूण केली आणि आरशाकडे बघत उभे राहिले.